तांब्याची चकती

माझ्या नाकावर माशी बसत नाही, हे मुरोरानच्या आमच्या प्रयोगशाळेत फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानच होता. छत्तीस वर्षं मी दुसऱ्या मजल्यावरचं मोजणीचं यंत्र सांभाळलं. धातूचा तुकडा किती हायड्रोजन पोटात घेतो आणि किती परत देतो, हे त्या यंत्रावर कळतं. नळ्या, झडपा, दाबाचे काटे आणि नमुना ठेवायची एक पोलादी कुपी, एवढाच त्याचा पसारा. ठरलेल्या दाबाने वायू भरायचा, कुपीची झडप उघडायची आणि काट्याकडे बघत बसायचं. दाब जेवढा उतरला तेवढा वायू धातू प्यायला. आम्ही ‘प्यायला’ असंच म्हणतो.

यात मेख एकच असते. वायू कुठून निसटला तरी दाब उतरतोच, आणि आपल्याला वाटतं, धातूच प्यायला. हायड्रोजनएवढा निसटता वायू दुसरा नाही. म्हणून सांधे पक्के हवेत, आणि माझे सांधे पक्के असतात अशी माझी ख्याती होती.

इसोगाई आमच्याकडे तीन वर्षांच्या करारावर आला होता. वय चौतीस, अंगाने काटकुळा, बोलणं इतकं हळू की पंखा चालू असला तर ऐकूच येत नसे. त्याचा विषय टायटॅनियम आणि लोखंडाचा मिश्रधातू. हा धातू स्वस्त, पण महाहट्टी. भट्टीत चारशे अंशांपर्यंत तापवा, वायू भरा, काढा, पुन्हा भरा, असं लहान मुलाला चुचकारत भरवावं तसं करावं लागतं, तेव्हा कुठे पहिला घोट घेतो. इसोगाईला असा धातू हवा होता जो न तापवता, थंडच पिईल. त्यासाठी तो त्यात थोडं मँगेनीज आणि चिमूटभर सिरियम घालून तळघरातल्या भट्टीत बटणाएवढे गोळे वितळवायचा. तीन वर्षांत असे सत्तर-ऐंशी गोळे झाले असतील. प्रत्येक गोळा खलात फोडून माझ्याकडे आणायचा, दारात उभा राहायचा आणि मी वर बघेपर्यंत थांबायचा.

“आत ये की. दाराला टेकू देतोयस का?” मी म्हणायची.

“आज एकोणसाठावा आहे, नुमाता-सान.”

“अठ्ठावन्नावा उपाशी मेला. हा तरी पितो का बघू.”

तो मला आवडायचा. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, ती गोष्ट वेगळी. त्याची बायको चार वर्षांच्या मुलीला घेऊन सापोरोला माहेरी राहत होती. मार्चमध्ये करार संपणार होता आणि त्याआधी पाच वर्षांच्या जागेसाठी समिती बसणार होती. जागा मिळाली तर बायको-मुलगी इकडे येणार. नाही मिळाली तर इसोगाई धातू सोडून सापोरोला सासऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानात बसणार. “दांड्यांचे स्क्रू घट्ट करीन,” तो हसून म्हणायचा, “हाताला सवय आहेच.” हसताना त्याचे डोळे मात्र हसत नसत.

डिसेंबरात चौऱ्याहत्तरावा गोळा आला आणि थंडगार असतानाच प्यायला लागला. मी काटा बघत होते. तो उतरतच राहिला, दुपारभर हळूहळू उतरत राहिला. संध्याकाळी हिशेब केला तर शंभर ग्रॅम धातूला २.१ ग्रॅम हायड्रोजन. या जातीचा धातू १.९ च्या वर गेलेला मी तरी पाहिला नव्हता.

“नुमाता-सान, २.१ आलं,” इसोगाई म्हणाला.

“दिसतंय मला. मोतीबिंदू व्हायला अजून वेळ आहे.”

विभागप्रमुख हातोरी, ज्यांना आम्ही सेन्सेई म्हणजे सर म्हणतो, जिना चढून वर आले. त्यांचा गुडघा दुखतो, ते कधी वर येत नाहीत. त्यांच्यामागून दोन विद्यार्थिनी आल्या. सगळे काट्याकडे बघत उभे राहिले. आणि त्या आनंदात इसोगाई हळूच म्हणाला, “एकदा हेलियम लावून सांधे तपासून बघू या का?”

हेलियम लावणं म्हणजे गळती शोधायची शेवटची कसोटी. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, कंपनीचा माणूस येऊन ती करून जातो. रोज सकाळी मी स्वतः थोडा दाब भरून तो टिकतो का ते बघतेच. त्यामुळे त्याचं बोलणं मला अगदी आतपर्यंत लागलं. चिडले की मी त्याला अहोजाहो करते.

“म्हणजे माझं यंत्र गळतं, असं म्हणायचंय का तुम्हाला, डॉक्टर?”

“तसं नाही, फक्त...”

“तुमचा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून हे यंत्र मी बघतेय. आकडा मोठा आला तर तुमची हुशारी, आणि शंका आली तर माझा सांधा? वा. वितळवायचं काम तुमचं, तुम्ही वितळवा. मोजायचं मला शिकवू नका.”

विद्यार्थिनींनी माना खाली घातल्या. सेन्सेई खिडकीबाहेरचा बर्फ बघू लागले. इसोगाई कमरेतून वाकला, “चुकलं माझं,” म्हणाला आणि तसाच वाकलेला राहिला. शेवटी मलाच “पुरे आता” म्हणावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी काडीला टोचून भाजलेले डुकराच्या मांसाचे तुकडे आणले, मोहरी लावून, मला आवडतात तसे. मी ते खाल्ले. विषय संपला, असं मी समजले.

जानेवारीत त्याने एकदा कुपी मागितली, एक्स-रेसाठी हवी म्हणाला. मी वायू भरलेली कुपी झडप बंद करून काढून दिली. दोन दिवसांनी त्याने ती परत आणली.

समिती तेरा फेब्रुवारीला बसणार होती. आमच्याकडे रीत अशी की अहवालातल्या मोजणीच्या पानावर यंत्र सांभाळणाऱ्याचा शिक्का लागतो, त्याशिवाय ते पान धरत नाहीत. बहुतेक जण न वाचताच शिक्का मारतात. मी वाचते. समितीच्या आधीच्या गुरुवारी अकरावं पान माझ्या टेबलावर आलं. त्यावर आकडा होता १.७. खाली एक ओळ होती: ‘आधी कळवलेला २.१ हा आकडा माझ्याकडून कुपीचं आकारमान चुकीचं धरल्यामुळे आला होता. इसोगाई.’

मी ती ओळ तीनदा वाचली. कुपीचं आकारमान मी मोजून दिलं होतं आणि त्याचा हिशेब माझ्यासमोर झाला होता. इसोगाईचा हिशेब चुकत नाही. बाजारात सुट्टे पैसेसुद्धा तो तीनदा मोजतो. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

खालून हेलियमचं उपकरण मागवलं आणि शुक्रवारचा सगळा दिवस घालवला. आधी कमी दाब ठेवला, रोज सकाळी ठेवते तेवढाच. काही नाही. मग मोजणीच्या वेळी असतो तेवढा वाढवला. कुपीच्या सांध्याशी पोचले आणि उपकरण ओरडायला लागलं. मी उपकरणच बिघडलं असेल म्हणून ते बदलून आणलं. दुसरंही तिथेच ओरडलं.

सांधा उघडला. दोन नळ्यांच्या मधे तांब्याची एक चकती बसते, गॅस्केट म्हणतात तिला. ती एकदा दाबली की तिचं काम झालं, दर वेळी नवी घालायची, असा नियम आहे. पण माझी आई भेटवस्तूंचे कागद इस्त्री करून पुन्हा वापरणारी. चांगलं तांबं फेकायला माझा जीव होत नसे. वापरलेली चकती मी ज्योतीवर तापवून मऊ करायची, उलटी करायची आणि परत बसवायची. वर्षानुवर्षं केलं. सगळ्यांना ठाऊक होतं. एका नववर्षाच्या जेवणात संचालकांनी काटकसरीचं उदाहरण म्हणून माझं नावही घेतलं होतं. हातातल्या या चकतीवर दाबाच्या तीन कडा एकात एक उमटल्या होत्या आणि एका बाजूला ती नखाएवढी पातळ झाली होती. कमी दाबाला धरून राहायची, वाढला की सोडून द्यायची.

मी खुर्चीत बसले. लाज वाटली, एवढंच आठवतं. मग तळघरात गेले.

इसोगाई भट्टीचा काचेचा झरोका पुसत होता.

“इसोगाई, तुला गुणाकार येतो का?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. “हेलियम लावलात?”

“लावला.”

“कुपीचा सांधा?”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“जानेवारीपासून,” तो म्हणाला. “एक्स-रे वगैरे काही नव्हता. ती कुपी रसायन विभागात नेली, वायू पाण्यावर गोळा केला आणि मोजला. बाहेर १.७ च आला. तीनदा करून बघितलं. घेतला २.१ आणि देतो १.७, मग मधलं गेलं कुठे? धातूत तर नव्हतं.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“सांगायला दोनदा जिन्यापर्यंत आलो होतो.”

“मग पाय मोडले का तिथे?”

“दोन्ही वेळा तुमचा आवाज ऐकू आला. कुणाला तरी झापत होतात.”

तो पुसत असलेलं फडकं घडी घालून ठेवत होता, उलगडत होता, पुन्हा घडी घालत होता.

“नुमाता-सान, मार्चमध्ये तुम्ही निवृत्त होताय. छत्तीस वर्षांत तुमच्या नावावर एकही चूक नाही. संचालक मानपत्र देणार आहेत. दीड महिन्यासाठी कशाला? चूक माझ्या नावावर राहू दे. धातू न तापवता पितो, हे तर खरंच आहे. समितीला तेवढं पुरेल.”

“पुरेल? ज्याला बाटलीचं माप घेता येत नाही त्याला पाच वर्षांची जागा देतील? अरे, सासरासुद्धा दुकानात घेताना दोनदा विचार करेल.”

“झाकली मूठ असू द्या,” तो म्हणाला. “शिक्का तेवढा मारा.”

मी वर आले. खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. शिक्का काढला, लाल शाईत टेकवला, पानावर धरला. मानपत्र डोळ्यांपुढे येत होतं. माझी बहीण हाकोदातेहून समारंभाला येणार होती, तिने नवा कोट शिवायला टाकला होता. फक्त हात खाली न्यायचा होता. पण त्या ओळीखालचं त्याचं नाव सारखं दिसत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे तर संन्याशाने दोरीही स्वतःच आणून दिली होती. मी शिक्का पुसून डबीत ठेवला. पान तसंच पाठवलं, बिनशिक्क्याचं.

सोमवारी सकाळी दहाला समिती बसली. सापोरोच्या मुख्य कार्यालयातून ओचिआईबाई अध्यक्ष म्हणून आल्या होत्या, साठीच्या, किडकिडीत, चष्मा नाकाच्या टोकावर. आम्ही तंत्रज्ञ अशा वेळी भिंतीच्या कडेच्या खुर्च्यांवर बसतो. कुणी विचारलं तर बोलायचं, आणि कुणी विचारत नाही. इसोगाईने त्याच्या त्या हळू आवाजात सगळं सांगितलं. ओचिआईबाई पानं उलटत होत्या. अकराव्या पानावर थांबल्या.

“इथे शिक्का नाही.”

हातोरी सेन्सेईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. इसोगाईने पाहिलं नाही.

मी उभी राहिले. “मी मारला नाही. ते पान खोटं आहे.”

बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं. मी सांगितलं. चकती, ज्योत, तीन कडा, हेलियम, सगळं सांगितलं. चकती खिशातून काढून त्यांच्यापुढे ठेवली. सांगताना माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता आणि तो मला आवरत नव्हता.

ओचिआईबाईंनी चकती उलटसुलट करून पाहिली. “गळती असेल अशी शंका कुणालाच आली नाही?”

“आली होती. या इसोगाईला, पहिल्याच दिवशी. त्याने चांगल्या शब्दांत विचारलं. मी चारचौघांत त्याला फाडून खाल्लं. मग त्याने पुन्हा विचारलं नाही.”

“आणि त्याआधी? कंपनीचा माणूस वर्षातून एकदा तपासतो, ते सोडून. एवढ्या वर्षांत मधे कधी, कुणी, तपासा म्हणालं होतं?”

मी आठवू लागले. किती संशोधक आले, किती गेले. त्यातले काही फार मोठे झाले. एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. कुणीही म्हणालं नव्हतं. छत्तीस वर्षं माझं यंत्र गळलं नाही, असं मी सांगत आले होते. खरं एवढंच होतं की छत्तीस वर्षं मला विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. ज्या एकाची झाली त्याचं मी काय केलं, ते सगळ्यांनी आत्ताच ऐकलं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “कुणीच नाही.” आणि खाली बसले.

ओचिआईबाई इसोगाईकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्तच लागला. “न केलेली चूक केली म्हणून लिहिणं, हासुद्धा खोटा आकडाच. कुणावर उपकार म्हणून लिहिला तरी खोटाच. कळतंय का तुम्हाला?”

“हो,” इसोगाई म्हणाला. तो पुन्हा कमरेतून वाकला होता.

“या अहवालावर मी निर्णय देणार नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा मोजा, आमच्यासमोर. आत गेला किती आणि बाहेर आला किती. दोन्ही जुळले तर जागेचं बोलू. नाही जुळले तर विषय संपला.” त्यांनी चष्मा वर सरकवला. “यंत्र कुणी चालवायचं ते तुम्ही ठरवा. सापोरोहून माणूस हवा असेल तर पाठवते. आमच्याकडे चांगले आहेत.”

“सापोरोचाच बरा,” सेन्सेई माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. मीही मान हलवली. त्या मुलाची पाच वर्षं, त्याची बायको, मुलगी, सगळं त्या एका दिवसावर होतं. माझ्या हातात ते कुणी द्यावं?

इसोगाई सरळ उभा राहिला. “नुमाता-सान चालवतील.”

“का?” ओचिआईबाईंनी विचारलं.

त्याला पटकन बोलता येत नाहीच. “कुठे गळतं ते त्यांना माहीत आहे,” तो म्हणाला. “सापोरोच्या माणसाला ते शोधावं लागेल.”

कुणीतरी हसलं, मग सेन्सेईही हसले. मला रडू आलं. भिंतीकडे तोंड करून मी नाक पुसलं.

पुढच्या सोमवारी सकाळी आठला मी पाकिटातून नवी कोरी चकती काढून बसवली. समितीचे तिघे कोट घालून खोलीत दाटीवाटीने उभे होते. वायू भरायच्या आधी इसोगाई म्हणाला, “सांधा तपासला का?” मी तपासला. दाब वाढवल्यावर म्हणाला, “आता?” मी पुन्हा तपासला. झडप उघडायच्या आधी, दुपारी, आणि वायू परत काढायच्या आधी, असं त्या दिवशी त्याने मला पाच वेळा विचारलं. चार वेळा मी त्याच्यावर ओरडले. पाचही वेळा हेलियम लावला.

आत गेला १.७२. चार वाजता बाहेर आलेला मोजून झाला, १.७०. ओचिआईबाईंनी दोन्ही आकडे स्वतःच्या हाताने पुन्हा मांडून बघितले, मला शिक्का मारायला सांगितला, त्याखाली स्वतःचा मारला. वेगळ्या कागदावर चकतीची नोंद होती, तिच्यावरही माझा शिक्का घेतला. मानपत्राचं कुणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही.

“डॉक्टर इसोगाई,” त्या म्हणाल्या, “घर शोधायला लागा. एप्रिलमध्ये चांगली घरं मिळत नाहीत.”

तो खांबासारखा उभा राहून माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

“माझ्याकडे काय बघतोस?” मी म्हणाले. “त्यांच्यापुढे वाक.”